मैथिली कोणाच्या तोंडची?

उत्तर बिहारातील दरभंगा, मधुबनी, सहरसा या जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे नेपाळच्या तराईत बोलल्या जाणाऱ्या मैथिलीला साहित्य अकादमीने 1965 मध्ये मान्यता दिली आणि 2003 च्या 92 व्या घटनादुरुस्तीने तिचा समावेश आठव्या अनुसूचीत, म्हणजे राज्यघटनेतील भाषांच्या यादीत, झाला. ज्योतिरीश्वर ठाकुरांचा ‘वर्णरत्नाकर’ हा गद्यग्रंथ ज्या भाषेत चौदाव्या शतकातच सिद्ध झाला, तिला दीर्घकाळ हिंदीची बोली म्हणून मोजले गेले, हा उघड अन्याय होता आणि त्याविरुद्धचा लढा सर्वथा न्याय्य होता.

परंतु या लढ्यात पुढे केली गेलेली मैथिली मुख्यतः दरभंगा-मधुबनी परिसरातील मैथिल ब्राह्मण व कर्ण कायस्थ यांच्या बोलण्यावर बेतलेली होती. मैथिलीच्या क्रियापदात केवळ कर्त्याचाच नव्हे, तर ज्याच्याविषयी किंवा ज्याच्याशी बोलले जाते त्याचाही मान नोंदवला जातो. त्यामुळे ही आदरार्थी रूपे कोण किती आणि कशी वापरतो, यावरून बोलणाऱ्याची जात ओळखण्याची सवय समाजाला लागली आणि इतर जातींचे बोलणे अशुद्ध ठरवले गेले. भागलपूरकडील अंगिका आणि मुझफ्फरपूर-वैशालीकडील बज्जिका यांना भाषासर्वेक्षक ग्रिअर्सनने मैथिलीच्या बोली मानले होते, पण त्यांचे अनेक भाषक आज स्वतंत्र भाषेचा दर्जा मागतात. ‘तुमची ती केवळ बोली’ असे त्यांना ऐकवणारे मैथिलीचे अभिमानी हिंदीवाद्यांचाच जुना युक्तिवाद वापरतात, ही गोष्ट खेदाची आहे.

नेपाळात मैथिली ही नेपाळीखालोखाल सर्वाधिक लोकांची मातृभाषा आहे. तरीही 2008 मध्ये उपराष्ट्रपती परमानंद झा यांनी शपथ घेतली ती हिंदीत, कारण मैथिली, भोजपुरी व अवधी भाषकांना जोडणारी भाषा म्हणून मधेशी (तराईतील) राजकारणाने हिंदीला जवळ केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती शपथ अवैध ठरवल्यावर 2010 मध्ये त्यांनी नेपाळीसोबत मैथिलीत शपथ घेतली.

बिहारच्या प्राथमिक शाळांत शिक्षणाचे माध्यम आजही प्रामुख्याने हिंदीच आहे. तेथे मैथिली आणण्याची मागणी रास्त आहे आणि ती लवकर मान्य व्हावी. मात्र त्या पाठ्यपुस्तकांत मुसहर, यादव, मल्लाह व मुसलमान घरांतील मैथिलीलाही शुद्ध भाषेचाच मान मिळाला पाहिजे, आणि तो देण्याची पहिली जबाबदारी मैथिलीच्या विद्वानांची आहे.