पाइप ओढू पाहणाऱ्यांसाठी

सिगारेट सोडायची आहे पण तलफ सुटत नाही, तेव्हा पाइप घेऊन पाहावा का, असे विचारणारे तरुण आता बऱ्यापैकी भेटतात. काहींचा सिगारेटशी संबंधही नसतो. त्यांना हवा असतो तो पाइपच. दोघांच्याही मनात समजूत एकच: पाइप हे निवांत, विचारी माणसाचे व्यसन आहे, म्हणून ते सिगारेटइतके वाईट नाही. त्यातला निवांतपणा खरा आहे. पाइप घाईने ओढताच येत नाही. पण त्या निवांतपणामुळे तो निर्धोक ठरत नाही, आणि पाइपविषयी बोलताना नेमकी हीच गल्लत होते.

आमचे मत आधीच सांगितलेले बरे. ज्याने आजवर तंबाखूला हात लावलेला नाही, त्याने पाइपच्या वाटेने तिच्याकडे जाऊ नये. मात्र ‘नको’ एवढ्या एका शब्दावर संपणारा सल्ला मोठी माणसे मनावर घेत नाहीत. पाइप घ्यायचे ज्याने ठरवलेच आहे, त्याला दुकानदार भांड्याचा आकार, लाकडाची नक्षी, तंबाखूचा सुवास यांबद्दल तासभर सांगेल; धूर तोंडात गेल्यावर पुढे काय होते ते सांगणार नाही. डॉक्टर तेवढेच सांगतील, पण पाइप भरतात कसा, हे बहुधा त्यांना ठाऊक नसेल. या दोन्ही गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत, म्हणून त्या एकत्रच सांगायला हव्यात.

पाइपची प्रतिष्ठा बरीचशी चित्रांनी घडवलेली आहे. शेरलॉक होम्स म्हटले की वाकडा, मोठ्या भांड्याचा पाइप डोळ्यांपुढे येतो. कॉनन डॉयलच्या कथांत होम्स मातीचा, ब्रायरचा, चेरीच्या लाकडाचा पाइप ओढतो. वाकडा पाइप त्याच्या तोंडी रूढ झाला तो विल्यम जिलेट या अमेरिकन नटामुळे, रंगभूमीवरून. आइनस्टाइनचा एक पाइप वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे आणि सततच्या चावण्याने त्याच्या तोंडाकडच्या भागाला भोक पडलेले आहे. हिंदी चित्रपटांतले श्रीमंत वडील आणि बॅरिस्टर तर पाइपशिवाय जिना उतरत नसत. या सगळ्यांतून पाइप म्हणजे बुद्धी, पाइप म्हणजे खानदान, असे समीकरण मनात पक्के बसले.

पण नळीतून तंबाखूचा धूर ओढणे आपल्याकडे इंग्रज साहेबाच्या कितीतरी आधी आलेले आहे. 1604च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारातून परतला, तेव्हा त्याने सोबत तंबाखू आणि रत्नजडित नळी नेली. बादशहाने दोनचार झुरके घेतले, तोच हकिमाने हरकत घेतली, आणि औषध म्हणून हे चालेल की नाही यावर दरबारातच वाद झाला. पुढे 1617मध्ये जहांगीराने तंबाखू ओढायला मनाईचा हुकूम काढला. त्याचा उपयोग झाला नाही. पोर्तुगीजांनी आणलेले हे पान शंभर वर्षांच्या आत गावोगाव पोहोचले होते. मराठी मुलखात ते चिलमीत गेले. मातीची चिलीम, आत तळाशी बसवलेला खडा, खालच्या टोकाला गुंडाळलेली ओली छापी, वर विस्तव आणि दोन्ही हातांची मूठ करून घेतलेला झुरका. धूर निववायचा, राख तोंडात येऊ द्यायची नाही आणि आग विझू द्यायची नाही, ही तीन कामे चिलीम ओढणाऱ्याने कधीच ओळखली होती. पाइपची सारी कारागिरीही याच तीन कामांभोवती फिरते.

आजचा पाइप बहुतेक ब्रायरचा असतो. भूमध्य समुद्राकाठी एरिका आर्बोरिया नावाचे झुडूप वाढते. त्याच्या बुंध्याशी, मुळांच्या वर, जमिनीत एक टणक गाठ तयार होते. ती चांगली मोठी व्हायला काही दशके लागतात. गाठ खणून काढायची, कापायची, तिच्यातला चीक निघून जावा म्हणून तासन्‌तास उकळायची आणि मग महिनोन्‌महिने सुकवायची. असे लाकूड धुमसत्या तंबाखूला सहसा दाद देत नाही. फ्रान्समधल्या सेंट-क्लोद गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हा धंदा उभा राहिला. त्याआधी युरोपात मातीचे पाइप चालत. तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरजवळ निघणाऱ्या मीरशॉम या मऊ पांढऱ्या खनिजाचेही असत. अमेरिकेत मिझुरी राज्यात 1869पासून मक्याच्या वाळलेल्या कणसाचे पाइप बनतात. हे पाइप स्वस्त, हलके आणि पहिल्या दिवसापासून व्यवस्थित ओढता येणारे असतात. पर्यटनस्थळी मिळणाऱ्या, आतूनही पॉलिश केलेल्या शोभेच्या लाकडी पाइपपेक्षा नवख्याच्या हातात कणसाचा पाइप केव्हाही बरा. ते पॉलिश तापले की त्याची वाफ थेट तोंडात येते.

तंबाखूच्या बाबतीत नवखा माणूस हमखास वासाला भुलतो. व्हॅनिला, चेरी, चॉकलेट असे वास लावलेल्या तंबाखूच्या डब्या उघडताच मन मोहून जाते. पण अशी तंबाखू बहुधा ओलसर असते. ती नीट पेटत नाही, पेटली तर तापते, पाइपमध्ये पाणी साचवते आणि जीभ पोळवते. डबीतला सुवास ओढणाऱ्याच्या जिभेवर फारसा उतरत नाही. तो शेजारी बसलेल्याला येतो. वास न लावलेल्या तंबाखूंत व्हर्जिनियात साखर जास्त, बर्लीत साखर कमी आणि निकोटिन सहसा अधिक, तर लटाकिया लाकडाच्या धुरावर सुकवलेली असल्यामुळे तिला चुलीवरच्या धुराचा वास असतो. नवशिक्याने तंबाखू चिमटीत दाबून सोडून पाहावी. गोळा होऊन राहिली तर ओली आहे, चुरा झाला तर फार कोरडी आहे. हळूच मोकळी होत गेली तर ती भरायला योग्य.

भरणे हीच खरी विद्या, आणि इथेच बहुतेकांचे चुकते. पहिली चिमूट भांड्यात नुसती सोडायची, काठोकाठ, आणि बोटाने अगदी हलकेच अर्ध्यापर्यंत बसवायची. दुसऱ्यांदा पुन्हा काठापर्यंत सोडायची आणि थोडा अधिक जोर देऊन दोन तृतीयांशापर्यंत आणायची. तिसरी चिमूट काठाच्या वर येईल इतकी घ्यायची आणि काठाच्या जरा खाली राहील अशी दाबायची. म्हणजे तळाशी सैल, वर घट्ट. पेटवण्याआधी कोराच ओढून पाहायचा: नळीने सरबत पिताना लागतो तेवढाच जोर लागला पाहिजे. त्याहून जास्त लागत असेल, तर सगळे उपसून पुन्हा भरण्याला पर्याय नाही. जोराने ओढून ती अडचण सुटत नाही, उलट जीभ भाजते.

काडी ओढल्यावर गंधकाचा वास उडून जाऊ द्यावा आणि मग ज्योत तंबाखूवर गोल फिरवावी. पहिल्या ज्योतीने वरची पाने फुगून वर येतात. हे पेटणे खरे नव्हे. टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या चपट्या धातूच्या दांडीने, ती हलकेच बसवावी आणि दुसरी काडी लावावी. त्यानंतर झुरका लहान, आणि दोन झुरक्यांमध्ये बऱ्यापैकी अंतर. भांडे हातात सहज धरवत नसेल, तर झुरके फार लवकर होत आहेत असे समजून पाइप खाली ठेवावा. विझला तर विझू द्यावा, पुन्हा पेटवता येतो. पाइप क्लबांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत प्रत्येकाला मोजून 3 ग्रॅम तंबाखू आणि दोन काड्या मिळतात आणि ज्याचा पाइप सर्वांत उशिरा विझतो तो जिंकतो. कसलेले स्पर्धक तेवढ्यावर दोन-तीन तास काढतात. नवख्याचा पाइप दहा वेळा विझला तरी त्यात कमीपणा नाही.

ओढून झाल्यावर पाइप गरम असताना त्याची तोंडाकडची दांडी उपसू नये, सांधा सैल होतो किंवा तडकतो. निवल्यावर पाइप क्लीनर फिरवावा आणि एकदोन दिवस तो पाइप वाळू द्यावा. भांड्याच्या आत काळा थर धरतो, तो लाकूड जळण्यापासून वाचवतो. पण तो फार जाड झाला की तापून फुगतो आणि भांडेच फोडतो, म्हणून वेळोवेळी खरवडून पातळ ठेवावा लागतो. या गोष्टी हाताला लवकर सवयीच्या होतात.

आता तोंडाकडे येऊ. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात घोळवून सोडतात, हे पाइपच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. शिष्टाचार म्हणून ते खरे आहे, आणि फुप्फुसे थोडी वाचतात हेही खरे. पण धूर छातीत न घेताही तलफ भागते कशी, हा प्रश्न कोणी विचारत नाही. सिगारेटचा धूर किंचित आम्लधर्मी असतो. अशा धुरातले निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून नीट शिरत नाही, म्हणून सिगारेट ओढणाऱ्याला तो फुप्फुसापर्यंत न्यावा लागतो. पाइपचा धूर, विशेषतः हवेवर सुकवलेल्या तंबाखूचा, सिगारेटच्या मानाने अल्कधर्मी असतो. अल्कधर्मी झाले की निकोटिन मोकळे होते आणि तोंडातूनच रक्तात जाते.

महाराष्ट्राला हे रसायन नवीन नाही. तळहातावर तंबाखू घेऊन तिला चुना लावतात तो याचसाठी. चुन्याने मिश्रण अल्कधर्मी होते, निकोटिन सुटते आणि ओठाआड धरलेली चिमूट काही मिनिटांत डोक्याला लागते. ब्रायरचा पाइप ओढणारा प्राध्यापक आणि बांधावर बसून तंबाखू मळणारा शेतमजूर, दोघांच्या अंगात निकोटिन जाते ते तोंडाच्याच वाटेने. एकाच्या हातातल्या वस्तूला आपण अभिरुची म्हणतो, दुसऱ्याच्या हातातलीला गावंढळ सवय. 2016-17च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ 3.8 टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. तोंडाच्या कर्करोगाविषयी आपण बोलतो तेव्हा या चोवीस टक्क्यांना समोर बसवून बोलतो. पाइपवाल्याला त्या रांगेत कोणी बसवत नाही, आणि तोही स्वतःला त्यात धरत नाही. आम्हाला सर्वांत जास्त खटकते ते हेच.

पुरावा जुना आहे. पाइप ओढणाऱ्यांना खालच्या ओठाचा कर्करोग होतो, हे जर्मन वैद्य झ्योमरिंग यांनी 1795मध्ये नोंदवले होते. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा 1964चा अहवाल सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगासाठी गाजला. त्याच अहवालाने पाइप आणि ओठाचा कर्करोग यांतला कार्यकारणभाव मान्य केला. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने एक लाखाहून अधिक पुरुषांच्या दीर्घकालीन नोंदींवरून 2004मध्ये जे निष्कर्ष छापले, त्यांत फक्त पाइप ओढणाऱ्यांमध्येही तोंड-घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कधीही तंबाखू न वापरणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले. हृदयविकार आणि पक्षाघातही. सिगारेटच्या मानाने हा धोका एकूण कमी भरला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तंबाखू न घेणाऱ्याच्या मानाने तो बराच जास्त आहे, आणि नवख्याने मोजायचे ते तिथून.

सिगारेटवरून पाइपवर येणाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. वर्षानुवर्षे छातीत धूर घ्यायची सवय पाइप हातात आला म्हणून जात नाही; नकळत तो पाइपचा जड धूरही आत ओढू लागतो. एका भरलेल्या पाइपमध्ये एका सिगारेटपेक्षा कितीतरी जास्त तंबाखू असते. म्हणजे सुटका होण्याऐवजी बोजा वाढू शकतो. सिगारेट सोडायचे साधन म्हणून पाइप घेऊ नये, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

पहिल्याच दिवशी उपाशीपोटी पाइप ओढून घाम फुटणे, गरगरणे, उलटीची भावना होणे हे नवख्यांना सर्रास होते. तो नाजूकपणा नव्हे, निकोटिनची मात्रा जास्त झाल्याची खूण आहे. पाइप लगेच खाली ठेवावा, पाणी प्यावे, बसून राहावे, आणि ‘सवय होईल’ असे कोणी म्हटले तर सवय होणे म्हणजेच व्यसन लागणे, हे ध्यानात ठेवावे.

कायद्याने पाइपला वेगळी वागणूक दिलेली नाही. 2003च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या परिशिष्टात सिगारेट, विडी, हुक्का यांच्याबरोबर पाइपच्या तंबाखूचेही नाव आहे आणि तंबाखूयुक्त दंतमंजनाचेही. 2 ऑक्टोबर 2008पासून लागू असलेली सार्वजनिक ठिकाणची बंदी पाइपलाही आहे, अठरा वर्षांखालच्याला विक्री नाही, जाहिरात नाही. घरात मात्र कायदा नसतो, आणि पाइपच्या धुराचा वास गोड म्हणून घरचे तक्रार करत नाहीत. लहान मूल किंवा गरोदर बाई असलेल्या खोलीत तो गोड धूरही सिगारेटच्या धुराइतकाच बाहेर ठेवायला हवा.

जे आधीच पाइप ओढतात त्यांच्यासाठी दोन गोष्टी. वर्षातून एकदा दंतवैद्याकडे जाऊन तोंड, जीभ आणि ओठ मुद्दाम तपासून घ्यावेत आणि आपण पाइप ओढतो हे आपणहून सांगावे. दात साफ करताना ते विचारतीलच असे नाही. गालाच्या आत, जिभेखाली किंवा ओठावर पांढरा वा लाल चट्टा, न भरणारी जखम किंवा गाठ दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिली, तर ती दुखत नसली तरी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावी; सुरुवातीला ती बहुधा दुखत नाहीच. आणि सोडायचे असेल तर केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची टोल फ्री दूरध्वनी सेवा 1800-11-2356 या क्रमांकावर आहे. ती सिगारेट आणि गुटख्याइतकीच पाइप ओढणाऱ्यांसाठीही आहे.