मुलगी नागोयाला जाते म्हणते

मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला राहणाऱ्या एका वाचक भगिनीचा आम्हाला फोन आला. त्यांचे शौहर फळबाजारात एका आडत्याकडे दिवाणजी आहेत. थोरली मुलगी क्रीडा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करते आणि दोन वर्षांपासून जपानी भाषेचा क्लासही. तिला जपानमधून बोलावणं आलंय. येत्या १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६ या काळात आयची-नागोया इथे आशियाई क्रीडा स्पर्धा आहेत. तिथे पाहुण्यांच्या व्यवस्थेचं काम घेतलेल्या एका कंपनीत आठ आठवड्यांची इंटर्नशिप. पगार नाही. मुलगी म्हणते, जाते. दादी म्हणतात, एकटी कशी जाईल. अब्बू काहीच बोलत नाहीत. बोलत नाहीत म्हणजे मनात हिशेब चाललाय, असं या भगिनीनेच हसत सांगितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "बांगड्या मोडू का, एवढंच सांगा."

आम्ही सांगितलं, आत्ता नका मोडू. आधी कागद मागा. कागद म्हणजे काय, हे फोनवर सगळं सांगता आलं नाही, आणि असा प्रश्न आता एकाच घरात उरलेला नाही. म्हणून या महिन्याचं पान त्यासाठी.

अशा स्पर्धेत इंटर्न नेमकं करते काय, हे आधी समजून घेऊ. टीव्हीवर दिसतो तो धावपटू, मल्ल, कबड्डीचा संघ. त्याच्या मागे विमानतळावर फलक घेऊन उभं राहणारा, बसचं वेळापत्रक सांभाळणारा, ओळखपत्रावरचा शिक्का बघून कोणाला कुठल्या दारातून सोडायचं ते ठरवणारा, पत्रकारांना खेळाडूंशी बोलण्याच्या जागी नेणारा असा मोठा ताफा असतो. उत्तेजक चाचणीसाठी निवडलेल्या खेळाडूला तसं कळवून त्याच्यासोबत चाचणीकक्षापर्यंत चालत जाणारी माणसंही लागतात. नमुना देताना समोर त्याच लिंगाची व्यक्ती असावी लागते. त्यामुळे महिला खेळाडूंसाठी महिला लागतातच. नागोयात यंदा आणखी एक गोष्ट आहे. खेळाडूंसाठी एकच मोठं क्रीडाग्राम बांधण्याऐवजी क्रूझ जहाज, कंटेनरची घरं आणि हॉटेलं वापरायचं ठरलंय. आशियाई ऑलिंपिक परिषदेचे ४५ सदस्य आहेत. इतकी माणसं विखरून राहणार म्हणजे ने-आण आणि पाहुणचार यांचं काम वाढणारच.

हे काम यार्डातल्या मुलीला अवघड जाईल असं आम्हाला वाटत नाही. पहाटे गाड्या लागतात, कोणती गाडी कोणत्या गाळ्यापुढे उभी राहणार, माल कोण उतरवणार, तोलाई कुठे, पावती कुठे, आणि हे सगळं फळ नरम पडायच्या आत. ज्या घरात जेवताना हेच बोलणं होतं, तिथल्या मुलांना वेळ, वजन आणि रांग यांचं शिक्षण फुकट मिळतं. मुलाखतीत तिने हे सांगावं. मुलं लाजतात, वडिलांचा धंदा सांगत नाहीत. इंग्रजीत "मला व्यवस्थापनाची आवड आहे" असं म्हणणाऱ्या शंभरांत, आंब्याच्या हंगामात एका गाळ्यावर रोज काय चालतं ते सांगणारी एक लक्षात राहील.

आपल्या घरांत असंही म्हणतात की खेळांच्या मागची ही कामं आपली नव्हेत. हे खरं नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा पहिला संघ गेला, त्याचा उगम पुण्यातच आहे. डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहून सर दोराबजी टाटांच्या मनात आलं की ही मुलं बाहेर न्यायला हवीत. सहा जण निवडले गेले. त्यांतले फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, रणधीर शिंदे कुस्तीत चौथे. या सहा जणांना बोटीने नेणं, विलायतेत ठेवणं आणि स्पर्धेपर्यंत पोहोचवणं हे ज्यांनी सांभाळलं त्यांत सोहराब भूत होते आणि मुंबईचे फैजी होते. एक पारशी, एक मुसलमान. चौगुल्यांचं नाव निदान बेळगावात घेतलं जातं. फैजींचं नाव आपल्या घरांतही कोणाला ठाऊक नसतं. पडद्यामागच्या कामाचं असंच होतं, आणि तरीही ते कोणीतरी नीट केलेलं असतं.

पैशाकडे येऊ. पैशाची गोष्ट निघाली की महाराष्ट्रात खाशाबा जाधवांची आठवण निघतेच. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९४८ ला लंडनला सहावा आला, १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही हकिकत मोठी आहे. पण ती ऐकून कोणी बांगड्या मोडू नयेत, असं आम्ही मुद्दाम म्हणतो. खाशाबा देशाचे खेळाडू म्हणून जात होते. इथे एक मुलगी अनुभव घ्यायला जाते आहे. तोच अनुभव पुढच्या वर्षी बालेवाडीतही मिळू शकतो, २०३० साली राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहेत, तिथेही मिळू शकतो. घरातलं शेवटचं सोनं जावं इतकी ही संधी एकमेव नाही.

मग किती खर्चावा? आमचा सरळ हिशेब असा: विमानाचं जाणं-येणं, राहणं, जेवण, स्थानिक प्रवास, विमा आणि अडीनडीची रक्कम असे सहा आकडे कागदावर मांडा. यातलं कंपनी काय देते ते लेखी घ्या. बिनपगारी असलं तरी राहण्याची सोय आणि ड्यूटीवरचं जेवण देणाऱ्या जागा असतात. जिथे तेही नाही तिथे कंपनीच्या हिश्शाचा खर्चही घरानेच उचलायचा असतो. उरलेली रक्कम व्याजाने काढावी लागत असेल तर या वर्षी जाऊ नये. धर्माचा विचार बाजूला ठेवला तरी, ज्या कामात पगार नाही त्यासाठी काढलेलं कर्ज फेडणार कोण? नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना मिळत असेल, कॉलेज थोडा भार उचलत असेल, तर गोष्ट वेगळी. शासनाच्या परदेशी शिष्यवृत्त्यांवर विसंबू नका. त्या पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी असतात, दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला त्यांत जागा नाही.

आणि कोणी नाव नोंदवायचे पैसे मागितले तर तिथेच थांबा. मोठ्या स्पर्धांचे स्वयंसेवकांचे अर्ज फुकट असतात. कतारच्या २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाला वीस हजार स्वयंसेवक होते, पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकला पंचेचाळीस हजार. अर्जाचे पैसे कोणाकडूनही घेतले गेले नाहीत. "जागा पक्की करतो, पन्नास हजार टाका" असं व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणणारा मनुष्य जागा पक्की करत नसतो. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे. तिथे नाव शोधायला दोन मिनिटं लागतात.

व्हिसाचं मात्र बारकाईने पाहा. जपानमध्ये परदेशी विद्यार्थ्याच्या इंटर्नशिपला तीन वाटा आहेत. पगार किंवा मानधन मिळणार असेल तर 'विशिष्ट उपक्रम' या प्रकारचा व्हिसा लागतो. त्यासाठी कॉलेज आणि कंपनी यांच्यात करार हवा आणि इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग म्हणून धरली जायला हवी. पगार नसेल आणि मुक्काम नव्वद दिवसांच्या आत असेल तर अल्पमुदतीचा व्हिसा. पगार नसून मुक्काम नव्वद दिवसांच्या पुढे असेल तर सांस्कृतिक उपक्रमांचा. आता घोटाळा कुठे होतो ते बघा. कंपनी कागदावर 'बिनपगारी' लिहिते, अल्पमुदतीचा व्हिसा काढायला सांगते आणि तिथे गेल्यावर रोख हातात देऊ म्हणते. हे ऐकायला गोड लागतं. पण पकडली जाते ती मुलगी, आणि पुढे जपानची दारं तिला बंद होऊ शकतात. तेव्हा निमंत्रणपत्र, कामाचं स्वरूप, तास, राहण्याचा पत्ता आणि पगाराबद्दलचं वाक्य, हे सगळं एकाच कागदावर आणि कंपनीच्या सहीने हवं. आम्ही कागद कागद करत होतो तो हा.

पासपोर्ट काढलेला नसेल तर आजच कामाला लागा. पुणेकरांचं पासपोर्ट सेवा केंद्र मुंढव्याला आहे, पडताळणीला पोलीस घरी येतात. खरी अडचण वेगळीच असते, आणि ती आपल्या घरांत जास्त असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नंतर. एकीकडे 'मोहम्मद' पूर्ण, दुसरीकडे आखूड करून ठिपका. वडिलांच्या कागदांवर 'शेख' आधी, मुलीच्या कागदांवर शेवटी, आणि बँकेत आडनावच नाही. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा ठेवणारी घरंही आम्ही पाहिली आहेत. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटकांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांची विमानतळावर धांदल उडाली होती. धाकट्यांच्या शाळेतली नावंही याच निमित्ताने एकसारखी करून घ्या. आज ते सोपं आहे.

दादींचा प्रश्न आम्ही टाळणार नाही. एकट्या मुलीच्या प्रवासाबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, काही जण सुरक्षित सोबत असेल तर मोकळीक देतात. ज्या घराचं ज्यांच्यावर विश्वासाचं नातं आहे, त्यांना त्यांनी विचारावं. आम्ही एवढंच सांगू की प्रश्न नवा नाही. १९०६ साली मुंबईच्या अतिया फैजी शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेल्या होत्या आणि तिथली रोजनिशी लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वान' या स्त्रियांच्या उर्दू नियतकालिकात छापून येत होती. तब्येत बिघडल्याने शिक्षण अर्धवट राहून त्या परतल्या, पण ती रोजनिशी घराघरांतल्या बायकांनी वाचली. दादींची काळजी 'एकटी' या शब्दात नसते, 'रात्री' या शब्दात असते. म्हणून कंपनीला सरळ विचारा: रात्रीची शिफ्ट संपल्यावर मुलगी मुक्कामी कशी पोहोचणार? मुलींच्या राहण्याची जागा वेगळी आहे का? तक्रार करायची तर कोणाकडे, त्या बाईंचं नाव काय? उत्तरं आली की ती दादींनाच वाचून दाखवा. उत्तरं आली नाहीत, तर दादींचंच म्हणणं बरोबर.

हिजाबचं म्हणाल तर त्याचीही विचारणा गणवेश ठरायच्या आधी करायची, तिथे पोहोचल्यावर नाही. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कतारच्या महिला बास्केटबॉल संघाला डोक्यावरचं वस्त्र काढा म्हटल्यावर त्यांनी सामना सोडून दिला होता. बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने नियम बदलला तो २०१७ साली. खेळाडूंचे नियम कर्मचाऱ्यांना लागू नसतात, तरी एक ई-मेल आधी टाकलेला बरा.

नागोयात मशीद आहे. सप्टेंबरअखेर तिथे सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो आणि तेवढ्याच सुमारास मावळतो, त्यामुळे नमाजच्या वेळा पुण्यातल्यापेक्षा तासभर अलीकडे येतील, फार उलथापालथ नाही. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. यार्डात पहाटे चारला माल उतरतो तेव्हा तिथे साडेसात झालेले असतात, घरी फोन करायला ती वेळ चांगली. जेवणाचं अवघड आहे. निव्वळ भाजीच्या सूपमध्ये माशांचा किंवा डुकराच्या हाडांचा अर्क असू शकतो, गोडसर रश्शात मिरिन म्हणजे तांदळाची दारू असते, काही सोया सॉसमध्येही मद्यार्क असतो. पाकिटावरचं जपानी वाचता येणं इथे खरं उपयोगी पडतं. क्लासमध्ये 'डुक्कर', 'मद्य' आणि 'जिलेटिन' ही तीन अक्षरं आधी गिरवून घ्यावीत.

अम्मींनी बॅग भरताना मात्र हात आवरावा. मांस आणि मांसाचे पदार्थ जपानमध्ये नेता येत नाहीत, म्हणजे कबाब आणि खिम्याचे समोसे घरीच राहतील. ताजी फळंही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. भारतीय आंब्यावर तर त्यांनी वीस वर्षं बंदी घातली होती, ती २००६ मध्ये उठली, आणि तीही वाफेची प्रक्रिया केलेल्या आंब्यापुरती. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, त्याचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असेल तर ती तिथे बेकायदा आहे. डॉक्टरांना विचारून दुसरं औषध द्या आणि चिठ्ठी सोबत ठेवा. सीलबंद मसाले, पापड आणि कोरडी चटणी भरपूर द्या, खोलीवरच्या इतर मुलीही खातील.