दोनशे रुपयांचा प्रश्न

फेब्रुवारी महिना पगारदारांच्या घरात दोन कारणांनी लक्षात राहतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला दिल्लीत अर्थसंकल्प मांडला जातो आणि त्या महिन्याच्या पगारपत्रकावर ‘व्यवसाय कर’ या रकान्यात नेहमीच्या २०० रुपयांऐवजी ३०० रुपये कापलेले दिसतात. पहिल्या घटनेवर आठवडाभर चर्चा झडतात. दुसरीची दखल ज्याचे पैसे कापले जातात तोच घेतो, आणि तोही हळहळून गप्प बसतो.

१ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी नव्या करप्रणालीत वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर शून्य केला. पगारदाराला मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरली तर ही मर्यादा पावणेतेरा लाखांवर जाते. मध्यमवर्गाने या निर्णयाचे स्वागत केले, आणि त्यात गैर काही नाही. महागाईने पिचलेल्या माणसाला चार पैसे सुटले तर ते हवेच असतात. पण या जल्लोषात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. महिना लाख रुपये मिळवणाऱ्याला जर सरकार ‘तुला कर परवडणार नाही’ असे म्हणते, तर महिना बारा हजार मिळवणाऱ्याच्या पगारातून कर कसा काय कापला जातो?

तो कापला जातो आणि तो कापणारे सरकार मुंबईत आहे. महाराष्ट्रात पुरुष नोकरदाराचा मासिक पगार साडेसात हजारांपर्यंत असेल तर व्यवसाय कर नाही. त्यापुढे दहा हजारांपर्यंत महिना १७५ रुपये आणि दहा हजारांच्या वर गेला की महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. म्हणजे वर्षाला अडीच हजार. इथेच कोष्टक संपते. त्यावर पायरीच नाही.

आता हिशेब मांडून पाहू. एखाद्या सोसायटीच्या दारावर बारा तास उभा राहणारा वॉचमन महिना १२ हजार रुपये मिळवतो असे समजू. त्याच्या वर्षाच्या कमाईचे पावणेदोन टक्के व्यवसाय करात जातात. त्याच सोसायटीत राहणारा, महिना लाख रुपये पगाराचा अधिकारीही अडीच हजारच भरतो. त्याच्या कमाईशी हे प्रमाण ०.२ टक्के पडते. आणि वरच्या मजल्यावरचे, महिना दहा लाख घेणारे कंपनीचे संचालकही अडीच हजारच भरतात. तिघांनाही एकच रक्कम, पण एकाच्या घरात ती महिन्याच्या गॅस सिलिंडरला उपयोगी पडली असती आणि दुसऱ्याच्या घरात ती गेल्याचे कळतही नाही. ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त भार उचलावा हे करआकारणीचे जुने सूत्र इथे पार उलटे झाले आहे.

कोणी म्हणेल, दहा हजारांच्या आत कित्येक जण असतील की! कागदावर असतीलही. पण महागाई भत्त्यासह किमान वेतनाचे सरकारी दर पाहिले तर बहुतेक उद्योगांत महिन्याचा आकडा दहा हजारांच्या पुढेच जातो. याचा अर्थ असा की, सरकारच्याच मते जगायला लागणारे कमीत कमी वेतन ज्याला मिळते, तो सरकारच्याच दुसऱ्या कोष्टकात सर्वांत वरच्या दराचा करदाता ठरतो. एका खात्याने द्यायला लावायचे आणि दुसऱ्याने त्यातूनच काढून घ्यायचे, असा हा कारभार आहे.

दोन्ही करांतल्या सीमारेषाही तपासून पाहाव्यात. आयकरात १२ लाखांच्या वर थोडेसेच गेलेल्या माणसासाठी खास तरतूद आहे. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार झाले तर कोष्टकाप्रमाणे ६१ हजार ५०० रुपये कर व्हायला हवा. पण वाढीव कमाईपेक्षा कर जास्त होऊ नये म्हणून तो १० हजारांवर थांबवला जातो, वर फक्त उपकर. हे न्याय्यच आहे. मात्र साडेसात हजारांवर एक रुपया पगारवाढ मिळालेल्या कामगाराला अशी सवलत नाही. एक रुपया वाढला की १७५ रुपये गेले. लखपतीचा तोल जाऊ नये म्हणून कायद्याने हात पुढे केला, आणि कामगाराच्या पायाखालची पायरीच काढून घेतली.

या कराचा जन्म मात्र वाईट हेतूने झाला नव्हता, हे सांगायला हवे. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राचे ग्रामीण जीवन उद्ध्वस्त केले. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला राज्यव्यापी रूप आले ते त्याच काळात. मागेल त्याला काम द्यायचे तर पैसा हवा, म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या सुरक्षित नोकरदाराने खेड्यातल्या भूमिहीनासाठी थोडी झीज सोसावी, हा त्यामागचा विचार. देशात अन्यत्र क्वचितच दिसणारा हा सामाजिक करार महाराष्ट्राला भूषणावहच होता.

पण पन्नास वर्षांत करारातली माणसे बदलली. तेव्हा ‘नोकरदार’ म्हणजे गिरणी, बँक, सरकारी कचेरी यांतला कायम कर्मचारी. आज पगारपत्रकावर नाव असलेल्यांत कंत्राटदाराकडचा सफाई कामगार आहे, औद्योगिक वसाहतीतला हंगामी मजूर आहे, दुकानातला पोऱ्या आहे. त्यांच्यापैकी कितीतरी जण त्याच भूमिहीनांची मुले आहेत. बापाच्या रोजगारासाठी लावलेला कर आता मुलाच्या पगारातून वसूल होतो आहे. शिवाय २००५ साली केंद्राचा रोजगार हमी कायदा आला आणि मजुरीचा मोठा भार दिल्लीने उचलला. कराचे मूळ कारण सौम्य झाले, कर तसाच राहिला.

‘प्रत्येकाने थोडा तरी कर भरावा, त्याशिवाय नागरिकपणाची जाणीव येत नाही,’ असे एक मत आहे. ते टाकाऊ नाही. पण गरीब माणूस कर भरत नाही हा समजच चुकीचा आहे. तो साबण विकत घेतो तेव्हा, मोबाइलचे रिचार्ज मारतो तेव्हा, चप्पल घेतो तेव्हा वस्तू व सेवा कर भरतच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरचा दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला ही चांगली गोष्ट झाली. पण जो मिळेल तो पैसा बाजारातच खर्च करतो, त्याच्या कमाईचा मोठा हिस्सा आजही या कराच्या कक्षेत येतो.

दुसरी अडचण घटनेची सांगितली जाते, आणि ती खरी आहे. घटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला माणशी कमाल मर्यादा घातली आहे. ती पूर्वी वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने अडीच हजार झाली आणि तिथेच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ती १८ हजारांपर्यंत न्यावी अशी शिफारस केली, पण त्यासाठी लागणारी घटनादुरुस्ती झाली नाही. म्हणजे संचालकाकडून जास्त घेणे राज्याच्या हाती नाही. पण वॉचमनकडून न घेणे तर राज्याच्याच हाती आहे! त्याला ना घटनादुरुस्ती लागते, ना दिल्लीची परवानगी.

असे करता येते याचा पुरावाही घरातच आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने महिलांसाठी ही मर्यादा दहा हजारांवरून थेट २५ हजारांवर नेली. त्याच वर्षी शेजारच्या कर्नाटकाने स्त्री-पुरुष असा भेद न करता २५ हजारांपेक्षा कमी पगार असलेल्या सर्वांनाच सूट दिली. पुरुषांची साडेसात हजारांची मर्यादा मात्र २०१४ सालची आहे. तेव्हापासून डाळीचे, भाड्याचे, शाळेच्या फीचे भाव कुठे गेले हे कोणी सांगायला नको. महिलांना दिलेली सवलत योग्यच होती. पण ज्या घरात नवरा एकटाच मिळवतो त्या घरातही बायकामुले असतात. त्या घराला ही सवलत का नसावी?

मागणी मोठी नाही. सूट सर्वांनाच २५ हजारांपर्यंत द्यावी, ती मर्यादा महागाईशी जोडावी आणि वरच्या उत्पन्नासाठी कमाल मर्यादा वाढवण्याचा आग्रह राज्याने केंद्राकडे धरावा. तिजोरीला थोडी तोशीस लागेल, हे खरे. पण १८६० साली हिंदुस्थानात पहिला आयकर लावणाऱ्या परक्या सरकारनेही दोन वर्षांतच सर्वांत लहान उत्पन्ने त्यातून वगळली होती. फार थोड्यासाठी फार जणांना छळण्यात हशील नाही, एवढे त्या सरकारलाही कळले. आपल्या सरकारला ते पन्नास वर्षांनंतर कळायला हरकत नाही.

दोनशे रुपयांसाठी कोणी मोर्चा काढणार नाही, हे राज्यकर्त्यांना ठाऊक आहे. म्हणूनच हा कर टिकला. पण मोर्चा निघत नाही म्हणून अन्याय होत नाही, असे थोडेच आहे?