जुना पार्ट हातात द्या

"काका, गॅरेजवाला अठरा हजार सांगतोय. देऊ का?" असा फोन आला की मी रक्कम बाजूला ठेवतो आणि आवाजाबद्दल विचारतो. गाडी थंड असताना येतो की तापल्यावर? स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर कट-कट होत असेल तर सीव्ही जॉइंट बघायला हवा. सरळ रस्त्यावर वेगाबरोबर घुमणारा आवाज वाढत असेल तर चाकाचं बेअरिंग. माझी सगळी नोकरी एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमध्ये झाली. त्यामुळे शेजारी, सासुरवाडीची माणसं, जुन्या मित्रांची मुलं, सगळेच गाडीचं दुखणं घेऊन माझ्याकडे येतात. मला ते मनापासून आवडतं.

पण हल्ली कुणी मला पाना हातात घ्यायला सांगत नाही. समोरचा मेकॅनिक खरं बोलतोय का, एवढंच त्यांना हवं असतं.

एका मित्राच्या मुलीच्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी ०४२०. लगेच सल्ला मिळाला: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला. या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात, म्हणून तो महाग. आता हा कोड सांगतो इतकंच, की सेन्सरच्या हिशेबाने धूर पुरेसा साफ होत नाही. कन्व्हर्टर खरोखर संपलेला असू शकतो. ऑक्सिजन सेन्सर बिघडला असला किंवा सायलेन्सरची लाइन आधीच कुठे गळत असली, तरी हाच कोड येतो. गळती कुणी तपासली का, असं मी विचारलं. कुणीच तपासली नव्हती. दुसऱ्या मेकॅनिकने थंड इंजिन चालू करून मॅनिफोल्डच्या जोडापाशी कान दिला. तिथे काजळीचा डागही होता. गॅसकेट बदलली, कोड पुसला. दिवा पुन्हा लागला नाही.

तिच्या वडिलांची माझी ओळख होती म्हणून तिचे पैसे वाचले. कर्जावर गाडी घेऊन चाकणच्या कंपन्यांची भाडी मारणाऱ्या पोराला असा काका नसेल, तर त्याने कन्व्हर्टरचे पैसे भरायचे का? हे मला सलतं.

सगळे मेकॅनिक लबाड आहेत असं मी मुळीच म्हणणार नाही. पुष्कळांच्या हातात निदानाची साधनंच नाहीत. अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि उपकरणं बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणाने मिळू दिली नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. चांगलं झालं. पण मला येणाऱ्या फोनांत त्याने काही फरक पडलेला नाही.

माझी मागणी साधी आहे. पार्ट बदलण्याआधी कोणती तपासणी केली, ते बिलावर लिहायचं. आणि काढलेला पार्ट गाडीवाल्याच्या हातात द्यायचा. हे कायद्याने बंधनकारक करा. वॉरंटीत फुकट बदललेला भाग कंपनीकडे जातो, त्याला माझी हरकत नाही. जिथे ग्राहकाने पैसे मोजले, तिथे जुनी वस्तू त्याची. दापोडीत आम्हालाही काढलेला पार्ट फोरमनला दाखवल्याशिवाय नवा मागता येत नसे, आणि त्यामुळे कुणाचं काम अडलं नाही. ब्रेक पॅड झिजून पत्र्याला लागलाय की निम्मा शिल्लक आहे, हे कुणालाही डोळ्यांनी दिसतं.

पिंपरीत माझ्या ओळखीचे एक मेकॅनिक जुना पार्ट नव्याच्याच खोक्यात घालून न मागता डिकीत ठेवून देतात. फोन करणाऱ्याला मी सध्या त्यांचा पत्ता देतो.