लग्नाचा जोडा आणि आपली ऐपत



लग्नसराई आली की आमच्या लोधिवलीतून कपड्यांसाठी पनवेलच्या फेऱ्या सुरू होतात. काहींचे तेवढ्यावर भागत नाही; मग मुंबईचा भेंडी बाजार गाठायचा. भाचीच्या निकाहच्या खरेदीला मीही गेले होते. तिने एक लेहंगा पसंत केला. किंमत ऐकून माझी बहीण गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "आपा, घेऊन टाकू. मी भिशी उचलते." भाचीने ते ऐकले आणि लेहंगा परत ठेवला.

घरी आल्यावर मी म्हटले, "तुझ्या थोरल्या भावजयीचा घरारा पेटीतच आहे ना?" ती म्हणाली, "खाला, लोक ओळखतील!"

तेव्हा मी तिला सहीह बुखारीतली एक हकीकत सांगितली. हजरत आयेशा (रजि.) यांच्या अंगावर जाड्याभरड्या कापडाचा, पाच दिरहमचा झगा होता. त्या म्हणाल्या की, आज माझी दासीही हा घरात घालायला नाक मुरडते, पण नबी (सल्ल.) यांच्या काळात माझ्याकडे असाच एक झगा होता आणि मदिन्यात कुणाला नवरी सजवायची असली की तो माझ्याकडून मागून नेत. मदिन्यातही सगळ्यांनी तो झगा ओळखला असेलच की! त्यात कुणाची मान खाली गेली नाही.

घराऱ्याची कंबर आत घेतली, ओढणी तेवढी नवी आणली. भिशीचे पैसे वाचले. निकाहात दोघी-तिघींनी जोडा ओळखला, आणि एकीने तो आपल्या मुलीसाठी मागितलासुद्धा.

नवे घ्यायचे असेल तर काही गोष्टी पाहा. दुकानातच जोडा घालून बसा, वाकून पाहा. जाळीच्या बाहीला अस्तर आहे ना, आणि वुजूसाठी ती कोपरापर्यंत वर जाते ना, हे तपासा. नवरीची नमाज कपड्यापायी चुकू नये. मे महिन्यातल्या लग्नाला मखमल आणि जड जरी टाळा; आपल्याकडच्या दमट उकाड्यात नवरी घामाने बेजार होते.

नवरदेवासाठी रेशीम आणि सोने मना आहे; स्त्रियांना दोन्ही चालते. शेरवानीचे कापड 'सिल्क' म्हणून विकतात, पण पुष्कळदा ते पॉलिस्टर असते. एक धागा जाळून पाहा. खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. 'मशरू' नावाचे जुने कापड आहे, त्यात अंगाला सूत लागते आणि रेशीम वर राहते. या नावाचा अर्थच शरीअतने परवानगी दिलेले. मिश्र कापडाबद्दल शंका वाटली तर आपल्या मौलानांना विचारावे.

आणि भगिनींनो, तुमच्या पेटीतही एखादा जोडा पडून असेल. कुणी मागायच्या आधी तुम्हीच विचारा. मागणारीचा संकोच वाचेल आणि एका घराचे कर्जही.