कोणत्या दर्जाचे नाणे घ्यावे?

कोन येथील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या सासऱ्यांच्या तिजोरीत चांदीचे 27 जुने रुपये निघाले. दर दिवाळीला वहीपूजनाच्या ताटात मांडले जाणारे हेच ते रुपये. चिरंजीवांचे म्हणणे असे, की ही झिजलेली नाणी सराफाकडे मोडावीत आणि त्या पैशांत, दर्जाचा आकडा छापलेल्या डबीत बंद असलेले एकच निष्कलंक नाणे घ्यावे. सासूबाईंचा याला ठाम नकार आहे. संग्रहासाठी खर्चिलेला पैसा कोणत्या दर्जात सार्थकी लागतो, असे भगिनींनी विचारले आहे.

व्यापारी घराला 'बट्टा' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पूर्वीचे सराफ नाणे वाजवून, कसून पाहत आणि झिजेप्रमाणे बट्टा कापीत. त्यांनी ठोकलेल्या तपासणीच्या खुणा मराठेशाहीतील रुपयांवर आजही दिसतात. त्यांची नजर धातूवर असे. संग्राहकाची नजर ठशावर असते, आणि ठसा किती शिल्लक आहे याचे माप म्हणजे दर्जा. आपल्याकडील लिलावांच्या सूच्यांत फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड अशा पायऱ्या असतात. डबीवरील आकडा हा विल्यम शेल्डन या अमेरिकन गृहस्थाने 1949 मध्ये मांडलेल्या 1 ते 70 च्या मोजपट्टीवरून आला. 70 गुणांच्या नाण्याची किंमत 1 गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट, असा त्यांचा मूळ हिशेब होता. बाजाराने तो हिशेब कधीच मोडला. मोजपट्टी तेवढी उरली.

किंमत सरळ चढत नाही, ती उड्या मारीत चढते, आणि सगळ्यांत मोठी उडी बहुधा शेवटच्या पायरीवर असते. तेथे ग्राहक पैसे मोजतो ते भिंगाखालीच दिसणाऱ्या फरकासाठी. कधी तर साध्या डोळ्यांना उलटेच दिसते. चलनात न फिरलेले नाणेही टांकसाळीच्या थैलीत इतरांवर आदळून ओरखड्यांनी भरलेले असू शकते, आणि त्याच्या एक पायरी खालचे, जेमतेम हाताळलेले नाणे त्याहून देखणे असते. असे खालच्या पायरीचे नाणे समोर आले तर मी ते डोळे झाकून घेईन.

ब्रिटिश अमलातील रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात चांदी 91.7 टक्के, शुद्ध चांदी सुमारे 10.7 ग्रॅम. ही त्या नाण्याची तळातली किंमत. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया निकेलचा झाला. म्हणून आधी साल पाहावे.

राणीछाप रुपयांत 1862 हे साल सर्वांत बोलके. पुढे कितीतरी वर्षे, 1874 पर्यंत, रुपये पाडले जात राहिले तरी त्यांवर साल 1862 हेच राहिले. मुंबईच्या टांकसाळीने खरे वर्ष ओळखण्यासाठी बारीक ठिपक्यांची योजना केली. हे ठिपके मोजता आले तरच नाणे कोणत्या वर्षाचे ते कळते. फाइन दर्जात ते पुष्कळदा पुसलेले असतात. व्हेरी फाइनमध्ये मोजता येतात. त्याहून वर गेल्यास ठिपके वाढत नाहीत, किंमत वाढते. म्हणून अशा नाण्यांत व्हेरी फाइन किंवा त्याहून किंचित सरस नाणे हाच लाभाचा सौदा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र 1918 च्या रुपयाला हा नियम लावू नये. महायुद्धाच्या काळात चांदीची टंचाई पडली, तेव्हा अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले 25 कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानच्या नाण्यांसाठी ब्रिटिशांना विकली. त्या सुमाराचे पंचम जॉर्जचे रुपये एवढे विपुल आहेत, की झिजलेल्या नाण्याला चांदीपलीकडे फारसे कोणी देत नाही. घ्यायचेच तर एक्स्ट्रीमली फाइन किंवा वरचे घ्यावे. उलट 1939 च्या दुर्मीळ रुपयात दर्जाची घासाघीस करू नये. तेथे खरेपणा हाच दर्जा. शेवटचा अंक कोरून बदललेला नाही ना, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

शिवराईपुढे तर ही पट्टी बाजूलाच ठेवावी. हाताने ठोकलेल्या तांब्याच्या त्या तुकड्यापेक्षा ठसा मोठा असे. त्यामुळे मुळातच 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे पूर्ण उमटलेले नाणे विरळा. झीज थोडी अधिक असली तरी चालेल, अक्षरे पूर्ण हवीत.

आता तिजोरीतील रुपयांविषयी. पनवेल हे जुने बंदर, आणि कोन हे मुंबई–पुणे रस्त्यावरचे गाव. येथल्या पेढ्यांत आलेले रुपये हातोहात फिरूनच आलेले असणार; त्यांत निष्कलंक नाण्याची अपेक्षा धरू नये. परंतु चिरंजीवांचा बेत व्यापाराच्या दृष्टीनेही कच्चा आहे: विकताना तळाचा भाव, घेताना शिखराचा. प्रथम सत्तावीसही रुपयांची साले भिंगाखाली लिहून काढावीत, 1862 असल्यास ठिपके मोजावेत. सगळेच 1918 च्या आसपासचे, गुळगुळीत झालेले निघाले, तर काही मोडण्यात संग्रहाची हानी नाही. मग प्रश्न केवळ सासूबाईंच्या मनाचा उरतो, आणि तो माझ्या स्तंभाच्या कक्षेबाहेरचा आहे.

एक गोष्ट आजपासूनच थांबवावी. दिवाळीला हे रुपये चिंचेने वा पावडरीने घासून लखलखीत करण्याची घरोघर रीत आहे. त्या घासण्यात ठशाची वरची कडा जाते आणि काळाने चढलेली छटाही जाते. जाणकार असे नाणे लगेच ओळखतो आणि एक पायरी खाली धरतो. पूजेसाठी एकदोन रुपये वेगळे काढावेत. बाकीचे कडेने धरून कोरड्या कागदी पाकिटांत ठेवावेत. मऊ पीव्हीसीच्या पिशव्यांत नाण्यांवर हिरवट चिकटा येतो.

शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. राणीछाप रुपया परदेशात धाडून दर्जाचा आकडा आणून देतो, असे कोणी सांगितल्यास त्याला नाणे हातात देऊ नये.