योग सर्वांचा, मग शिक्षक कोणाचा?

अमेरिकेत अलीकडे योगशिक्षकांसाठी एक निराळ्या धर्तीचे प्रशिक्षण दिले जाते. कृष्णवर्णीय समाजाचे आरोग्य आणि त्याच्या मनावरील जुन्या आघातांचे उपशमन हा त्याचा गाभा असतो. माझ्या भाचीबरोबर तिकडे रुग्णालयात काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय परिचारिकेने असा दोनशे तासांचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला. आपल्या मंडळातील स्नेह्यांत हा विषय निघाला तेव्हा बहुतेकांनी विचारले, ‘‘योगाला कसला आलाय रंग? जे सर्वांचे, त्यासाठी वेगळी चूल कशाला?’’ प्रश्न रास्त आहे. तरीही मला ही चूल आवश्यक वाटते. त्याची कारणे वैद्यकाच्या अंगाने मांडावीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

बालरोगतज्ज्ञाचे लक्ष प्रथम अर्भकमृत्यूच्या आकड्याकडे जाते. २०२२ साली अमेरिकेत कृष्णवर्णीय मातांच्या दर हजार बालकांपैकी सुमारे अकरा पहिल्या वाढदिवसाआधीच दगावली. श्वेतवर्णीय मातांच्या बाबतीत हे प्रमाण साडेचार होते. ही तफावत केवळ दारिद्र्याने उलगडत नाही. आर्लीन जेरोनिमस या संशोधिकेने १९९२ साली असे प्रतिपादन केले, की पिढ्यान्‌पिढ्यांची अवहेलना आणि सततचा ताण यांमुळे, ऊनपावसाने दगड झिजावा तसे शरीर अकाली झिजते. त्यात वैद्यकाविषयीच्या अविश्वासाची भर पडते, आणि तो निराधार नाही. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सिफिलिस झालेल्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय पुरुषांचे केवळ ‘निरीक्षण’ करण्यात आले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असे आढळले, की अपेंडिसायटिसच्या तीव्र वेदनेने तळमळणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांना प्रभावी वेदनाशामक मिळण्याची शक्यता श्वेतवर्णीय मुलांपेक्षा पुष्कळच कमी होती.

ज्या समाजाचे दुखणे डॉक्टरलाही खरे वाटत नाही, त्याने परक्यासमोर डोळे मिटून शवासनात निश्चिंत पडावे, ही अपेक्षा भाबडी आहे. म्हणून अशा प्रशिक्षणात आसन-प्राणायामाबरोबर हा इतिहासही शिकवतात. साधकाला स्पर्श करण्यापूर्वी त्याची अनुमती घ्यावी, डोळे मिटण्याची सक्ती नसावी, असे साधे नियम शिक्षकाच्या अंगी बाणवतात. योग तोच राहतो. दार तेवढे ओळखीचे होते. या समाजाला योग नवाही नाही. नागरी हक्कांच्या लढ्यातील रोझा पार्क्स योगाभ्यास करीत असत, आणि कृष्णवर्णीय योगशिक्षकांची स्वतंत्र संघटना २००९ पासून कार्यरत आहे.

बाल्टिमोरचे उदाहरण मला विशेष भावते. तेथेच वाढलेल्या स्मिथ बंधूंनी एका मित्रासह २००१ साली संस्था काढून गरीब वस्त्यांतील शाळकरी मुलांना योग व ध्यान शिकवण्यास आरंभ केला. त्यांच्याकडे शिकलेली काही मुले मोठी होऊन तेथेच शिक्षक झाली. मुलांनी ऐकले, कारण सांगणारा त्यांच्याच गल्लीतला होता.

अर्थात योग हा अन्यायावरचा उतारा नव्हे. वेदनेने विव्हळणाऱ्या मुलाला वेदनाशामकच हवे, दीर्घश्वसनाचा उपदेश नव्हे. रुग्णालयांनी स्वतःला सुधारण्याऐवजी पीडितांनाच शांत राहायला शिकवावे, अशी पळवाट या प्रशिक्षणातून निघता कामा नये. हा आक्षेप मी ‘वेगळ्या चुली’च्या आक्षेपापेक्षा अधिक गंभीर मानतो.

शिक्षक समाजातलाच असावा, हे तत्त्व आपणांस अपरिचित नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरगुती शुश्रूषा शिकवली. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी उतरल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. औषधे आपल्याकडे होती तीच होती. उंबरठा ओलांडून आत जाणारी बाई मात्र घरच्यांच्या विश्वासातली होती.

आपण बडोदेकरांनी तर योगाविषयी अधिक जाणतेपणाने बोलावे. स्वामी कुवलयानंदांचा जन्म इथून जवळच डभोईला, १८८३ साली झाला. व्यायामाची दीक्षा त्यांनी बडोद्यात प्रो. माणिकरावांकडे घेतली, आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेत नेले. एवढा वारसा असूनही आपल्या शहरात योगवर्ग कोठे भरतात? बहुधा सोसायट्यांच्या गच्चीवर आणि वातानुकूलित सभागृहांत. ज्या वस्त्यांतील बालके माझ्या बाह्यरुग्ण विभागात येतात, तेथील एकही माता योगवर्गाला गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. दरवर्षी २१ जूनला आपण सभागृह, चटया आणि अल्पोपाहारावर जो खर्च करतो, तो एक वर्ष थांबवावा. त्या रकमेतून वस्तीतल्याच चार-पाच होतकरू तरुणींना, आशा कार्यकर्त्या किंवा अंगणवाडी सेविकांना, रीतसर योगशिक्षण द्यावे व वर्षभर मानधन द्यावे. त्यांनी आपल्या बोलीत, आपल्या अंगणात, स्वयंपाकपाणी आटोपल्यावरच्या वेळी वर्ग घ्यावेत. आपण डॉक्टरांनी तेथे गेलोच तर रक्तदाब मोजण्यापुरते जावे आणि मागच्या रांगेत बसावे. पुढच्या स्मरणिकेतील योगविषयक लेख त्यांच्यापैकीच एखादीने लिहिला, तर मला अधिक समाधान वाटेल.